एसीत गॅस भरण्याआधी: किनाऱ्यावरच्या घरांसाठी तपासणीचा क्रम

मार्च उजाडला की अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "एसी थंड करत नाही, गॅस भरून घ्यायला हवा." मेकॅनिक येतो, दाब मोजायचं गेज लावतो, गॅस भरतो. काही दिवस बरे जातात आणि पुढच्या मार्चला पुन्हा तेच.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि गळती नसेल तर दहा वर्षांनीही तेवढाच असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि भोक न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार.

पण याहून वाईट प्रकार आहे. गॅस पुरेसा असतो, गेज मात्र कमी दाखवतं. इनडोअरची जाळी धुळीने बसली की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइलला खोलीची उष्णता कमी मिळते आणि परतीच्या नळीतला दाब उतरतो. मेकॅनिक तो आकडा बघून गॅस वाढवतो. पुढे कधीतरी जाळी धुतली जाते आणि तोच गॅस आता जास्त ठरतो. कॉम्प्रेसर जादा दाबाखाली राबतो, करंट वाढतो, उन्हात ट्रिप मारू लागतो. मग निदान होतं की कॉम्प्रेसर गेला.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवायचा: वीज, हवा, पाणी, आऊटडोअर, सुटे भाग आणि सगळ्यात शेवटी गॅस. पुढे जे लिहिलंय ते स्प्लिट एसी धरून आहे. विंडो एसीत हेच भाग एका डब्यात असतात.

## तयारी

आधी आऊटडोअरवरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. त्यावर गॅसचा प्रकार (आर-२२, आर-४१०ए किंवा आर-३२), गॅसचं वजन आणि रेटेड करंट लिहिलेला असतो. खाऱ्या वाऱ्याने दोनतीन वर्षांत ही पट्टी वाचता येत नाही, आणि नंतर "यात किती गॅस लागतो?" या प्रश्नाला अंदाजाने उत्तरं मिळतात.

जवळ असू द्या: टॉर्च, मऊ ब्रश, जुना टूथब्रश, दोन बादल्या गोडं पाणी, साबणाच्या फेसाची वाटी, साधा डिजिटल थर्मामीटर. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारा) घरी नसतो. तो मेकॅनिककडे आहे का, हे बोलावतानाच विचारा.

थांबा: रिमोटने एसी बंद करणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे. झाकण उघडण्याआधी एमसीबी खाली करा. इन्व्हर्टर एसीच्या (ज्यात कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो) आऊटडोअर बोर्डवर ३०० व्होल्टच्या वरचा डीसी दाब वीज तोडल्यावरही काही मिनिटं टिकतो. तो डबा घरच्या माणसाने उघडायचाच नाही.

## भागांची ओळख

इनडोअरच्या थंड कॉइलमध्ये द्रव गॅस खोलीची उष्णता घेऊन उकळतो. जाड नळीने तो आऊटडोअरच्या कॉम्प्रेसरमध्ये जातो. तिथे दाबला गेला की तापतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये, पंख्याच्या वाऱ्याने, उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो. मग कॅपिलरीच्या बारीक नळीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब एकदम पडतो आणि तो थंडगार होऊन आत येतो.

कोकणात थंड कॉइलला आणखी एक काम असतं, हवेतलं पाणी काढण्याचं. दमट रात्री दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो, आणि एसीची बरीच ताकद त्यातच जाते. पुण्याच्या कोरड्या हवेत तोच एसी जास्त गार वाटतो, याचं कारण एवढंच.

## टप्पा १: काही न उघडता नोंद घ्या

लोक पहिली चूक इथेच करतात. थेट जाळी काढून धुतात आणि मूळ लक्षण हातचं घालवतात.

दारं-खिडक्या लावा, रिमोटवर कूल मोड, १८ अंश आणि पंखा सर्वांत जास्त ठेवा. वीस मिनिटं चालू द्या. कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटं उशिरा सुरू होतो. तो बिघाड नाही, संरक्षण आहे. मग बघा:

१. आऊटडोअरचा पंखा फिरतोय का, आणि पूर्ण वेगाने?

२. पंख्याखेरीज कॉम्प्रेसरची खोल घरघर ऐकू येते का, की "हूं" करून टक् असा बंद पडतो?

३. ड्रेन पाइपातून पाणी येतंय का? किनाऱ्यावर याच्याइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही. दमट हवेत अर्ध्या तासात बाहेर थेंबही आला नाही, तर एक तर कॉइल थंडच होत नाहीये किंवा पाणी आत तुंबलंय.

४. आऊटडोअरच्या व्हॉल्व्हजवळ दोन्ही नळ्या कशा आहेत? कॅपिलरी आऊटडोअरमध्येच असलेल्या नेहमीच्या स्प्लिटमध्ये दोन्ही गार आणि घामेजलेल्या हव्यात. बारीक नळीवर पांढरं बर्फ आणि जाड नळी कोरडी, असं दिसलं तर लिहून ठेवा. टप्पा ७ मध्ये ते लागेल.

५. वरून आत शिरणारी हवा आणि पात्यांतून बाहेर येणारी हवा, दोन्हींचं तापमान घ्या. ८ ते १२ अंशांचा फरक ठीक. खोली फार दमट असेल तर ७-८ वरही समाधान माना.

कौलारू घरात माळा किंवा फॉल्स सीलिंग नसेल तर आकडे बरोबर येऊनही खोली गार होणार नाही. कौलांच्या फटींतून बाहेरची दमट हवा येतच राहते. तिथे सुताराला बोलवा, एसीवाल्याला नको.

## टप्पा २: वीज

मे महिन्यात संध्याकाळी गावभर पंखे, पंप आणि एसी एकदम चालतात आणि व्होल्टेज खाली बसतं. दाब १८० व्होल्टच्या आसपास आला की साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, कॉम्प्रेसर उठताना धडपडतो आणि बंद पडतो. "दुपारी चालतो, रात्री नाही" अशी तक्रार असेल तर रात्री व्होल्टेज मोजा. स्टॅबिलायझर असेल तर त्याच्या डिस्प्लेवरच दिसेल.

मग प्लग काढून पिना बघा. हिरवट थर किंवा करपलेला डाग म्हणजे जोड सैल आहे आणि तापतोय. दीड टनाच्या एसीला मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतःचा एमसीबी लागतो. जुन्या घरात देवघराच्या बोर्डातून लाइन ओढलेली असते. ती आधी बदला.

अर्थिंगकडे बहुधा कोणी बघत नाही. जांभ्या जमिनीत मुळातच ते कमकुवत असतं, आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की आणखी. आऊटडोअरच्या पत्र्याला हात लावून मुंग्या आल्यासारखं वाटलं तर एसी बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

तपासा: एमसीबी पडत असेल तर कधी पडतो? बटण दाबताक्षणी पडला तर शॉर्ट किंवा अर्थ झालाय. दहा मिनिटांनी पडला तर करंट जास्त ओढला जातोय, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा टप्पा ५ मध्ये सापडतं.

## टप्पा ३: हवा

जाळ्या काढा, साध्या पाण्याने मागून पुढे धुवा, सावलीत वाळवा. उन्हात तापवल्या तर वाकतात. मग टॉर्च मारून आत बघा. कॉइलच्या पात्यांवर राखाडी थर आहे का? खालच्या लांब दंडगोल ब्लोअरच्या पाकळ्यांत काळी बुरशी भरली आहे का? किनाऱ्यावर ब्लोअर फार लवकर भरतो, कारण आतला भाग कधी नीट वाळतच नाही. पाकळ्या भरल्या की मोटर फिरते, आवाजही येतो, हवा मात्र येत नाही. नुसती जाळी धुऊन फरक न पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. ब्लोअर धुण्यासाठी इनडोअरला पिशवी बांधून सर्व्हिस करावी लागते. मेकॅनिकला "ब्लोअरसकट" असं स्पष्ट सांगा.

कॉइलवर बर्फ दिसला तर खरवडू नका. कूल मोड बंद करून नुसत्या फॅन मोडवर तास-दोन तास चालवा, बर्फ पूर्ण वितळू द्या, जाळी धुवा आणि टप्पा १ पुन्हा करा. हवा पुरेशी असूनही बर्फ परत धरला, तरच गॅसचा संशय घ्यायचा.

## टप्पा ४: पाणी

इनडोअरमधून भिंतीवर पाणी येणं ही पावसाळ्यातली तक्रार, आणि निम्म्या वेळा तिचा मशीनशी संबंध नसतो.

आधी ड्रेन पाइपाचं बाहेरचं टोक बघा. शेवाळाचा बुळबुळीत गोळा किंवा कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घर, दोन्ही पाइप सारखाच बंद करतात. टोक मोकळं करा, मग जाळी काढून ट्रेमध्ये पेलाभर पाणी हळू ओता. ते बाहेर लगेच, न अडखळता यायला हवं.

पाणी अडखळत येत असेल तर पाइपाचा उतार बघा. पाइप वाटेत कुठेही वर चढता कामा नये आणि त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नसावं. एसीचं पाणी झाडांना घालायचं म्हणून लोक पाइप बादलीत खोल सोडतात, हवा अडते आणि पाणी घरात उतरतं.

पाणी ट्रेमधून नव्हे तर नळ्यांच्या जोडातून ठिबकत असेल तर काळं फोमचं आवरण फाटलंय. बाहेर ते उन्हाने भुगा होतं, आत उंदीर कुरतडतात. उघड्या थंड नळीवर दमट हवा घामेजते आणि थेंब भिंत धरतात. नवं आवरण घालून वर टेप गुंडाळा, टेप खालून वर, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही.

हवा बाहेर सोडणाऱ्या पात्यांच्या टोकाला थेंब जमत असतील तर दार सतत उघडं राहतंय किंवा पंखा फार हळू ठेवलाय.

## टप्पा ५: आऊटडोअर आणि मीठ

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

समुद्राची गाज ऐकू येणाऱ्या घरात वारा रोज मिठाचा पातळ थर आणून बसवतो. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, म्हणून थर कधी कोरडा होत नाही. ॲल्युमिनिअमच्या पाती आणि तांब्याची नळी एकमेकींना चिकटून असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हटलं की ॲल्युमिनिअम झिजतं. पाती आधी पांढऱ्या भुकटीसारख्या होतात, मग बोट लावताच गळून पडतात. उष्णता सोडायला पातीच राहिल्या नाहीत की आतला दाब चढतो.

बऱ्याच जणांना वाटतं की पडवीखाली, छज्जाखाली ठेवलेलं आऊटडोअर सुरक्षित आहे. होतं उलट. उघड्यावरच्या कॉइलला पाऊस चार महिने धुऊन काढतो, आडोशाच्या कॉइलवर मीठ साचतच राहतं. आडोशाच्या आऊटडोअरला म्हणूनच जास्त वेळा धुवावं लागतं.

धुण्याचा क्रम:

१. एमसीबी खाली करा, पंखा थांबू द्या.

२. पालापाचोळा, कोळ्यांची जाळी हाताने काढा.

३. मऊ ब्रश पात्यांच्या दिशेने, वरून खाली फिरवा. आडवा फिरवलात तर पाती मुडपतात.

४. बागेच्या पाइपाने बेताच्या दाबाने, समोरून सरळ पाणी मारा. गाडी धुण्याचं प्रेशर मशीन नको. व्हॉल्व्ह आणि वायरी ज्या बाजूला आहेत, तिथे पाणी मारू नका.

५. खाली पडणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, अर्धा तास निथळू द्या, मग वीज चालू करा.

थांबा: पाणी गोडंच हवं. खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मिठावर मीठ. जिभेवर चव घेऊन बघा, शंका असेल तर पिण्याचं पाणी वापरा. ॲसिडचं "कॉइल क्लीनर" वापरायला कोणी आलं तर नको म्हणा. लकाकी येते, ती पातीचा वरचा थर गेल्याची असते.

समुद्रासमोरच्या घरात ऑक्टोबर ते मे दर महिन्याला, चारपाच किलोमीटर आतल्या घरात दोनतीन महिन्यांतून एकदा, असा माझा हिशोब. नवा एसी घ्यायचा असेल तर तांब्याची कॉइल आणि गंजरोधक लेप दिलेल्या पाती मागा, आणि वॉरंटीच्या कागदावर गंजाबद्दल काय लिहिलंय ते पैसे देण्याआधी वाचा.

आता मोकळ्या हवेचं. मागे फूटभर आणि समोर तीन फूट जागा रिकामी हवी. पावसाळ्याआधी पडवीला झाप बांधताना आऊटडोअर झापामागे जातं, गरम हवा तिथेच घुटमळते आणि एसी ट्रिप मारतो. झापाला तेवढी खिडकी ठेवा. प्लास्टिकचा कागद गुंडाळून ठेवणंही चुकीचं. आत ओल कोंडते आणि मीठ तसंच राहतं. आऊटडोअर पावसात भिजण्यासाठीच बनवलेलं असतं.

स्टँड हलवून बघा. चिऱ्याच्या भिंतीत साधा फास्टनर कालांतराने सैल होतो, कारण दगडच भुसभुशीत होतो. भिंतीच्या आरपार बोल्ट आणि आतल्या बाजूने पट्टी, हा टिकाऊ मार्ग. वादळी वाऱ्यात चाळीस किलोचं धूड खाली येण्याआधी हे करून घ्या.

## टप्पा ६: सुटे भाग, मेकॅनिकच्या हातून

इथून पुढे तुमचं काम बघण्याचं आणि विचारण्याचं.

साध्या एसीत कॉम्प्रेसरला सुरू व्हायला कपॅसिटर लागतो (बिलावर त्यालाच कंडेन्सर लिहिलेलं असतं). "हूं" करून बंद पडणारा कॉम्प्रेसर बहुतेक वेळा मेलेला नसतो, कपॅसिटर उतरलेला असतो. फुगलेलं डोकं ही उघड खूण, पण न फुगलेलाही उतरतो. मीटरवर मायक्रोफॅरड मोजून घ्या. लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांहून जास्त कमी असेल तर बदला. "कॉम्प्रेसर गेला" हे वाक्य कपॅसिटर मोजल्याशिवाय मान्य करू नका.

इन्व्हर्टर एसीत बोर्ड जास्त वेळा जातो. खारी ओल हे एक कारण, पाल हे दुसरं. उबेला आलेली पाल दोन टोकांवर पसरली की बोर्ड जळतो. मुंग्यांचंही तेच. दुरुस्तीनंतर वायरी आत जाण्याचं भोक पुट्टीने बंद करून घ्या, आणि बोर्ड बदलताना नव्या बोर्डावर ओलरोधक लेप आहे का, ते विचारा.

क्लॅम्प मीटरने कॉम्प्रेसरचा करंट मोजायला सांगा. गॅस कमी असो की आऊटडोअरची कॉइल बसलेली असो, थंडावा दोन्हींत कमीच. पण साध्या एसीत गॅस कमी असेल तर करंट पट्टीवरच्या आकड्यापेक्षा कमी येतो. कॉइल बसली असेल किंवा गॅस जास्त असेल तर करंट चढतो. इन्व्हर्टर स्वतःच वेग बदलतो, म्हणून तिथे या आकड्यावर फार विसंबू नका. तिथे एरर कोड वाचा.

## टप्पा ७: गॅस

जाळी, ब्लोअर, आऊटडोअर साफ; वीज ठीक; कपॅसिटर ठीक. तरीही टप्पा १ मधला तापमानाचा फरक चारपाच अंशांचाच, बारीक नळीवर बर्फ, जाड नळी कोरडी. आता गॅस कमी असण्याची शक्यता खरी.

एसी बंद असताना गेज लावून "प्रेशर आहे" म्हणणारा मेकॅनिक काहीच सांगत नसतो. बंद एसीत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी दाब बाहेरच्या तापमानानुसारच दिसतो: ३० अंशांना आर-३२ चा साधारण २६५ पीएसआय, आर-२२ चा १६०. निम्मा गॅस गेलेला असला तरी आकडा तोच.

फेसाची तपासणी मात्र एसी बंद ठेवूनच करा, कारण तेव्हा जाड नळीतही दाब वाढलेला असतो. दोन्ही बाजूंच्या नटांवर फेस लावून पाच मिनिटं निरखा. आधी तेलाचा डाग शोधा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं आणि त्याला धूळ चिकटते. नट सैल वाटला तरी स्वतः आवळू नका. जास्त आवळला तर फ्लेअर, म्हणजे नटाखालचं नळीचं पसरवलेलं टोक, चिरतं.

गळती सापडल्यावर कामाचा क्रम असा आणि एवढाच:

१. उरलेला गॅस सुरक्षित काढून घेणं.

२. जोड नवा करणं किंवा ब्रेझिंग (ज्योतीने धातू वितळवून सांधणं). आर-३२ पेट घेऊ शकतो. नळीत गॅस असताना ज्योत लावायची नाही.

३. नायट्रोजनने दाब देऊन पुन्हा फेस.

४. व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणं, ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूमचं माप). नळीत राहिलेली ओल पुढे आम्ल तयार करते.

५. पट्टीवरचं वजन बघून काट्यावर तोलून गॅस भरणं.

थांबा: दाबाच्या तपासणीला ऑक्सिजन कधीही नाही. आतल्या तेलाशी त्याचा स्फोट होतो. सिलिंडरवरचं नाव स्वतः वाचा. पट्टीवर आर-३२ असेल तर आर-२२ "चालतो" हे ऐकून घेऊ नका.

"व्हॅक्यूम नको, गॅसनेच हवा ढकलून काढतो" असं म्हणणाऱ्याला चहा देऊन निरोप द्या.

कॉइललाच टाचणीएवढं भोक पडलं असेल आणि पाती पांढऱ्या पडल्या असतील, तर त्या भोकावर ब्रेझिंग करण्यात अर्थ नाही. शेजारची नळी तेवढीच झिजलेली असते. कॉइल बदला. एसी आठ-दहा वर्षांचा असेल तर कॉइलची किंमत ऐकून नव्याचा विचार करा.

## बंद घरातला एसी

शिमगा, मे आणि गणपतीपुरतं उघडणाऱ्या घरांत एसी वापराने कमी, पडून राहून जास्त खराब होतात.

निघताना: शेवटच्या दिवशी कूल बंद करून तासभर फॅन मोड चालवा, म्हणजे कॉइल आणि ब्लोअर वाळतील. जाळ्या धुऊन, वाळवून परत बसवा. आऊटडोअर गोड्या पाण्याने धुवा. एमसीबी खाली करा आणि प्लग काढून ठेवा. आश्विनातल्या विजा बंद बोर्डाचंही नुकसान करतात. रिमोटचे सेल काढा.

आल्यावर थेट कूलचं बटण दाबू नका. आधी आऊटडोअरच्या जाळीतून टॉर्च मारा: घरटं, गांधीलमाश्यांचं पोळं, पंख्यात अडकलेली वेल. पंख्याची पाती काडीने ढकलून मोकळी फिरतात का ते बघा. ड्रेनचं टोक साफ करून पेलाभर पाण्याची चाचणी घ्या. मग एमसीबी वर करा, व्होल्टेज बघा, खिडक्या उघड्या ठेवून वीस मिनिटं नुसता फॅन चालवा, म्हणजे ब्लोअरमधली बुरशीची धूळ खोलीत कोंडत नाही. त्यानंतर खिडक्या लावून कूल मोड, आणि पहिली पंधरा मिनिटं कोणीतरी आऊटडोअरपाशी उभं राहून आवाज ऐकत राहावं.